दारावर येणारीला आधी दिसतं : स्मृतिभ्रंशाची शुश्रूषा कोण कोणाला शिकवतं?



आजचा विषय पत्रिकेत वाचून एकांनी आम्हाला विचारलं, 'स्मृतिभ्रंशाच्या शुश्रूषेचं प्रशिक्षण, आणि तेही देशोदेशींचं! हे भवानी पेठेत कशाला?' आम्ही म्हटलं, भवानी पेठेतच करायला हवं. कारण काय, ते आधी घरातल्या गोष्टीनं सांगतो आणि मग इतिहासाकडे वळतो. आम्ही डॉक्टर नाही, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. इतिहासाचे वाचक आहोत आणि एका आजीचे नातू आहोत, एवढाच आमचा अधिकार.

आमच्या आजीचं घर इथून चालत पाच मिनिटांवर. चाळीस वर्षं तिनं विड्या वळल्या. मांडीवर सूप, हातात कात्री, बोटं आपोआप चालायची. मूळची तेलुगू बोलणारी, पण लग्नानंतर पेठेतलं मराठी असं शिकली की आठवडी बाजारात तिला कोणी फसवू शकत नव्हतं. सत्तरीनंतर ती पैसे कुठं ठेवले ते विसरायला लागली. मग 'सून पैसे चोरते' म्हणायला लागली. जेवून उठली की शेजारी जायची आणि सांगायची, 'दोन दिवस झाले, घरात मला कोणी वाढलं नाही.' गल्लीनं आमच्या आईला नावं ठेवली. आणि आम्ही? आम्ही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून कधी हसलो, कधी आजीवर ओरडलो. ती सोंग करते असंसुद्धा म्हणालो. हे सांगताना आजही बरं वाटत नाही.

दोन वर्षांनी तिला एका दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होते, वागायला चांगले. त्यांनी तिला इंग्रजी तारीख विचारली. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. कागद पुढं करून एक वाक्य लिहायला सांगितलं. आता बघा, आजी शाळेची पायरी चढलेली नव्हती. तोवर तिचं मराठीही निसटत चाललं होतं, ती परत तेलुगूत जात होती. ती नुसती कागदाकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, 'वय झालंय, असं व्हायचंच.' ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही घरी आलो.

त्या डॉक्टरांवर आमचा राग नाही. त्यांना हे कोणी शिकवलेलंच नव्हतं. मग शिकवायला कोणी हवं होतं? कुठून यायला हवं होतं ते शिक्षण? मुंबईहून, लंडनहून? आज आपण या प्रश्नाचा माग काढणार आहोत.

आरोग्याचं शिक्षण एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याची गोष्ट सोलापूरला नवी नाही. आपल्याकडे तिचं स्मारकच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले आणि मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपाननं चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनानी चु तेह यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते, त्यांनी देशाला आवाहन केलं आणि पाच डॉक्टरांचं पथक निघालं. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. पाचांत दोघं आपल्या मराठी मुलखातले.

कोटणीसांनी तिथं शस्त्रक्रिया केल्या, आघाडीवर जखमी सैनिक सांभाळले, हे आपण शाळेत वाचलंय. १९४६ साली व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर चित्रपट काढला, तोही अनेकांना माहीत असेल. पण आजच्या विषयाला उपयोगी गोष्ट वेगळी आहे. कोटणीस तिथं शिक्षक झाले. कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात गेले. त्यांच्या नावानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये संचालक झाले आणि तिथल्या वैद्यकीय शाळेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. ते शिकवण्यासाठी आधी स्वतः चिनी भाषा शिकले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले, तेव्हा शस्त्रक्रियेवरचं पाठ्यपुस्तक लिहीत होते.

आता हे लक्षात ठेवा : शिकवायला गेलेला माणूस आधी शिकला. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलामुलींच्या भाषेत तो बोलला आणि हाताशी जी साधनं होती त्यांत काम कसं करायचं ते त्यानं दाखवलं. युद्धात जखम डोळ्यांना दिसते, म्हणून तिथं एवढ्यावर भागलं. स्मृतिभ्रंशात जखमच दिसत नाही. तिथं शिकवणाऱ्याला आणखी एक पायरी खाली उतरावं लागतं. ही पायरी जगाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

थोडं मागं जाऊ. ३ नोव्हेंबर १९०६. जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरनं एका सभेत एका बाईची हकिकत मांडली. तिचं नाव ऑगुस्टं. पन्नाशीत तिची स्मृती गेली होती आणि ती नवऱ्यावर संशय घेत होती. मृत्यूनंतर तिच्या मेंदूत जे बदल दिसले ते अल्झायमरनं दाखवले. सभेनं फारसं लक्ष दिलं नाही म्हणतात. पुढं १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं.

पण गंमत पुढंच आहे. पन्नाशीत झालं तर तो आजार आणि सत्तरीत झालं तर म्हातारपण, असा समज युरोप-अमेरिकेत पुढची साठ-सत्तर वर्षं टिकला. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात संपादकीय लिहून ठामपणे म्हटलं की हे दोन्ही एकच आहे, म्हाताऱ्यांना होतो तोसुद्धा आजारच आहे आणि तो फार मोठ्या संख्येनं आहे. म्हणजे 'साठी बुद्धी नाठी' ही काही फक्त आपल्या गल्लीची समजूत नव्हती. तीच समजूत तिकडच्या मोठमोठ्या रुग्णालयांतही होती, फक्त लॅटिन नावानं. आपल्याकडे काही कमी होतं म्हणून आपण मागं राहिलो, असं समजायचं कारण नाही. त्यांनाही हे काल-परवाच कळलंय.

कळल्यावर त्यांनी साधनं तयार केली. १९७५ मध्ये अमेरिकेत फोलस्टीन आणि सहकाऱ्यांनी तीस गुणांची छोटी चाचणी बसवली. शंभरातून सात वजा करणं, वाक्य लिहिणं, लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटणं, हे सगळं तिथलं. जगभरच्या डॉक्टरांना ती शिकवली गेली. आमच्या आजीपुढं आली ती हीच चाचणी, पन्नास वर्षं आणि हजारो मैलांचा प्रवास करून. चाचणी वाईट नव्हती. जिथं जवळजवळ प्रत्येक म्हातारा माणूस शाळेत गेलेला होता, अशा समाजासाठी ती केलेली होती. आजीला तिथं कमी गुण मिळाले असते, आणि ते तिशीतही मिळाले असते!

ही अडचण कोणाच्या तरी लक्षात यायला हवी होती, आणि आली. हरियाणातल्या बल्लभगड भागात भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून नव्वदच्या दशकात खेड्यांतल्या वृद्धांचा अभ्यास केला. डॉ. मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्याच चाचणीचं हिंदी रूप प्रसिद्ध केलं. त्यांनी नुसता अनुवाद केला नाही. वजाबाकीऐवजी वारांची नावं उलटी म्हणायला सांगितली. वाचून डोळे मिटण्याऐवजी 'मी करतो तसं करा' असं म्हणून समोरच्यानं डोळे मिटून दाखवायचे. वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' असं विचारायचं. वाचायला सोपं वाटतं, पण यातलं एकेक वाक्य खेड्यात तपासून, चुकून, बदलून बसवलेलं आहे. निरक्षर असणं आणि स्मृती जाणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून प्रशिक्षणात आलं.

यानंतर १९९८ साल. केरळात कोची इथं जगभरच्या अल्झायमर संघटनांची परिषद भरली होती. तिथं 'दहा-सहासष्ट' नावाचा संशोधकांचा गट तयार झाला, लंडनचे मार्टिन प्रिन्स त्याचे समन्वयक. नाव विचित्र आहे, पण त्यात एक तक्रार भरलेली आहे. जगातले सहासष्ट टक्के स्मृतिभ्रंशाचे रुग्ण गरीब आणि विकसनशील देशांत राहतात, आणि तिथं होणारं संशोधन दहा टक्क्यांहून कमी! ही तक्रार भारताच्या भूमीवर मांडली गेली.

या गटाच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक आपल्या शेजारी, गोव्यात झालं. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी गोव्यातले वृद्ध, कुटुंबं, आरोग्य कर्मचारी आणि डॉक्टर यांच्याशी बोलून २००१ मध्ये एक निबंध छापला. एका काल्पनिक म्हाताऱ्या माणसाची लक्षणं वर्णन करून ते विचारायचे, असं कोणी पाहिलंय का? लोकांनी ते चित्र लगेच ओळखलं. पण हा आजार आहे असं कोणाला वाटलं नाही, वय झालं की होतंच असं वाटलं. म्हातारपणी मन बिघडतं ते मुलं माया करत नाहीत, आबाळ करतात म्हणून, असंही लोकांनी सांगितलं. आमच्या आईला गल्लीनं जी नावं ठेवली ना, ती गोव्यातही ठेवली जात होती.

त्या निबंधातलं आणखी एक निरीक्षण आज आम्हाला तुमच्यापर्यंत पोचवायचंय. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना असे रुग्ण क्वचितच दिसत होते, कारण आजार नाही म्हटल्यावर दवाखान्यात नेणार कोण? पण घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना असे म्हातारे सर्रास माहीत होते. म्हणजे ज्याच्याकडे पदवी होती त्याला रुग्ण दिसत नव्हता, आणि जिला रुग्ण दिसत होता तिला त्याचं नाव कोणी सांगितलेलं नव्हतं.

याच्या पुढची पायरी केरळात त्रिशूरला झाली. डॉ. शाजी आणि सहकाऱ्यांनी स्थानिक आरोग्य सेविकांना काही तासांचं साधं प्रशिक्षण दिलं आणि सांगितलं, तुमच्या भागात कोणाला स्मृतिभ्रंश असेल असं वाटतं ते सांगा. नंतर तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा सेविकांनी सांगितलेल्या दर तिघांतले जवळपास दोघं खरोखर रुग्ण निघाले. काही तासांच्या शिकवण्यानं हे झालं, कारण निम्मं ज्ञान त्या बायकांकडे आधीच होतं.

मग परत गोवा. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथं एक पद्धतशीर चाचणी केली, ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ८१ कुटुंबं घेतली. ४१ कुटुंबांना लगेच घरपोच मदत, बाकीच्यांना सहा महिन्यांनी. मदत करणारे कोण? बारावी झालेले, कोंकणी बोलणारे, म्हाताऱ्या माणसांबद्दल आस्था असलेले दोन गृह-शुश्रूषा सल्लागार. त्यांना आठवडाभराचं कसून प्रशिक्षण दिलं. पाठीशी एक समुपदेशक आणि एक मनोविकारतज्ज्ञ, दोघंही अर्धवेळ. सल्लागारांनी पंधरवड्यातून निदान एकदा घरी जायचं. आजार काय आहे ते सांगायचं, चिडचिड-भटकणं-झोप यांचं काय करायचं ते दाखवायचं, सरकारी योजनांची माहिती द्यायची, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं.

निकाल काय लागला? जे लागलं तेच सांगतो, वाढवून नाही. रुग्णाची स्वतःची कामं करण्याची क्षमता सिद्ध होईल इतकी सुधारली नाही. आजार मागं फिरला नाही. सहा महिन्यांत १८ रुग्ण वारले, इतकी ही माणसं थकलेली होती. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे कमी झाला. रुग्णाच्या वागण्यामुळं होणारा त्यांचा त्रास कमी झाला. ज्यांनी आपल्या घरात हे पाहिलंय त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको. घरात सांभाळणारी खचली तर म्हाताऱ्या माणसाला दुसरं आहेच कोण?

पुढं काय झालं तेही बघा. याच दहा-सहासष्ट गटानं 'सांभाळणाऱ्यांना सांभाळायला मदत' अशा अर्थाचा एक छोटा अभ्यासक्रम बसवला. पाच आठवडे, दर आठवड्याला अर्धा तास. आधी घरची परिस्थिती समजून घ्यायची, मग आजाराची माहिती, मग नेमक्या अडचणींवर मार्ग. त्याच्या चाचण्या रशियात मॉस्कोला झाल्या आणि दक्षिण अमेरिकेत पेरू देशातल्या लिमा शहरात झाल्या. दोन्हीकडे सांभाळणाऱ्यांवरचं ओझं कमी झालेलं दिसलं. एके काळी जर्मनी-अमेरिकेत ठरायचं आणि आपल्याला शिकवलं जायचं. इथं गरीब आणि मध्यम देशांतल्या घरांसाठी, तिथल्याच कर्मचाऱ्यांच्या हातानं देता येईल असं शिक्षण तयार झालं आणि त्यानं समुद्र ओलांडला. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं साध्या दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आणि मेंदूच्या आजारांची मार्गदर्शिका काढली, तिच्यातही स्मृतिभ्रंशाला स्वतंत्र जागा आहे.

आता एक शंका. व्याख्यानानंतर कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच घेतो. 'म्हणजे डॉक्टर नकोत, गरिबांना बारावी पासवाल्यावर भागवायचं, असंच ना?' अजिबात नाही. विसरण्याची काही कारणं औषधानं सुधारतात. थायरॉइडचा आजार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मनाची उदासी, औषधांचे दुष्परिणाम, यांचा शोध डॉक्टरनंच घ्यायचा असतो. तापात किंवा लघवीच्या संसर्गात म्हातारं माणूस दोन दिवसांत एकदम भ्रमिष्ट झालं तर ती तातडीची गोष्ट असते, तिथं सल्लागाराची वाट बघायची नसते. गोव्यातही सल्लागारांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ होता, हे विसरू नका. पाठीशी कोणी नसताना आशाताईंच्या वहीत आणखी एक रकाना वाढवला तर ते प्रशिक्षण होत नाही, बोजा होतो. आधीच त्यांच्याकडे किती कामं आहेत, हे इथं बसलेल्या ताई आमच्यापेक्षा चांगलं सांगतील. कामाचा मोबदला आणि अडल्यावर फोन करायला एक हक्काचा माणूस, या दोन गोष्टी शिक्षणाचाच भाग आहेत.

आणि काम किती मोठं आहे? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज असा की साठीच्या वरच्या भारतीयांत ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. एवढ्या घरांत तज्ज्ञ कधी पोचणार? पोचेल ती दारावर येणारीच.

आपल्या सोलापूरला काय करता येईल? १९६३ पासून इथं वैद्यकीय महाविद्यालय आहे. परिचारिका घडतात, आशाताई गल्लीगल्लीत फिरतात. आणि आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे जी लंडनच्या पुस्तकात मिळणार नाही. या पेठेत एका ओट्यावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते. म्हातारपणी स्मृती निसटायला लागली की माणूस पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी सोडतो आणि आईच्या भाषेत परत जातो. तेव्हा इथल्या प्रशिक्षणाचा पहिला धडा असा हवा : म्हाताऱ्या माणसाला त्याच्या पहिल्या भाषेत विचारा. तारीख विचारायची तर गड्ड्याची यात्रा होऊन किती दिवस झाले ते विचारा. शंभरातून सात नको, विड्यांच्या कट्ट्यांचा हिशेब विचारा, मागावरच्या टॉवेलांचा विचारा. अर्थात अशी चाचणी बल्लभगडसारखी नीट तपासूनच बसवावी लागेल, मनाला येईल ते विचारून चालणार नाही. पण ते काम इथंच होऊ शकतं. आणि नीट झालं, तर हैदराबादला, कलबुर्गीला आणि कामाधंद्यासाठी परदेशी गेलेल्या आपल्या लोकांनाही उपयोगी पडेल.

दुसरा धडा घरच्यांसाठी. तो आम्हाला फार उशिरा कळला. आजीच्या शेवटच्या वर्षी ओळखीच्या एक परिचारिका घरी आल्या. गोळ्या वगैरे काही लिहून दिल्या नाहीत. आमच्या आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'मावशी, त्या खोटं बोलत नाहीत आणि तुम्ही आबाळ करत नाही. हा मेंदूचा आजार आहे. जेवले नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, दोन घास परत वाढा.' आई खूप रडली. दोन वर्षं तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. मग परिचारिकांनी आजीच्या मांडीवर रिकामं सूप ठेवायला सांगितलं, थोडी पानं दिली. आजीची बोटं चालायला लागली. त्या दुपारी ती शेजारी तक्रार करायला गेली नाही.

त्या परिचारिकांना हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवलं होतं का, आम्ही विचारलं. म्हणाल्या, 'नाही, माझ्या सासूबाईंचं केलं होतं.' प्रत्येकीला सासू सांभाळूनच हे कळावं, अशी वेळ पुढच्या पिढीवर येऊ नये. त्यांना जे अनुभवातून कळलं ते चार जणींना आठवडाभरात शिकवता येतं, हे गोव्यानं दाखवलंय. भैय्या चौकाजवळचं कोटणीसांचं स्मारक आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. दाखवायलाच हवं. पण ज्या शहरानं परमुलखात शिक्षक पाठवला, त्या शहरातल्या आशाताईंना आणि परिचारिकांना हा एवढा आठवडा मिळायला हवा. ही मागणी आज या सभेतून पुढं जावी, एवढीच विनंती.

प्रश्न असतील तर आम्ही थांबलोय. विशेषतः ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांनी लाजू नका, बोला.